बारा वाजले तरच घरी

आपले बारा वाजले की माणसाला वाईट वाटतं. माझं उलटं आहे. शुक्रवारी रात्री बारा वाजायच्या आत मी मुंबईत पोचलो, तर मला घाम फुटतो.

सोमवार ते शुक्रवार दुबई, शनिवार-रविवार ठाणे, असं माझं वेळापत्रक. ऐकणाऱ्याला वाटतं, काय थाट आहे! रोज कर्जत-सीएसएमटी करणारा शेजारी मला ‘फॉरेनवाला’ म्हणतो. वास्तविक मी त्याच्याच जातीचा, फक्त माझ्या लोकलला पंख आहेत आणि दारात लटकू देत नाहीत. अंतर हवेतून साधारण १,९३० किलोमीटर, वेळ तीन तास, आणि घड्याळात दीड तासाचा फरक. हा दीड तास जाताना मिळतो, येताना कापला जातो.

२०२२ च्या आधी हा उद्योग जमलाच नसता. तेव्हा तिकडची सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची. म्हणजे शुक्रवारी मी घरी, तर पोरं शाळेत आणि बायको ऑफिसात. रविवारी सगळे घरी, तर मी दुबईत खुर्चीवर. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या सरकारने शनिवार-रविवारची सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं केलं. बऱ्याच खासगी कंपन्यांनीही तो शनिवार-रविवार उचलला. अर्धा दिवस मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर. शेजारच्या शारजा सरकारने तर शुक्रवारही पूर्ण सोडून दिला. ते पुण्य आमच्या खात्यात नाही.

आता बारा वाजण्याचं गणित.

आयकर खातं माणसाला निवासी की अनिवासी हे ठरवताना भावना विचारत नाही, दिवस मोजतं. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही निवासी, आणि मग दुबईचा पगारही इकडच्या विवरणपत्रात दाखवायचा. (भाडं-व्याज धरून भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर हीच मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. आमच्याकडे ती भीती देवाने ठेवलेली नाही.) येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरायचे का, यावर वकिलांत वाद आहेत. आमचा सीए वाद घालत नाही, दोन्ही धरतो.

तर बघा. वर्षाला ३० दिवसांची रजा, ती घरी. उरलेले ४८ आठवडे येऊन-जाऊन. शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर उतरलो आणि रविवारी रात्री दहाच्या विमानाने गेलो, तर दर आठवड्याला दोन दिवस: ९६ अधिक ३०, एकूण १२६. निवांत. शुक्रवारी रात्री ११.५० ला उतरलो, तर त्या दहा मिनिटांसाठी अख्खा शुक्रवार हिशेबात चढतो: १४४ अधिक ३०, म्हणजे १७४. आता हातात सातच दिवस. त्यात ईदची सुट्टी, एखादं लग्न आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बसवा. आणि रविवारी रात्री निघण्याऐवजी ‘पहाटे साडेचारचं विमान घे की, पोरांबरोबर जेवता येईल’ हा प्रेमळ सल्ला ऐकला, तर सोमवारही भारताचा. ४८ चोक १९२. रजेआधीच कपाळमोक्ष. दोन्ही टोकांना मिळून सहा-सात तासांचा खेळ, पण त्यावर वर्षाचा कर हलतो. म्हणून मी रविवारी पोरांचं जेवण सोडतो. पोरांना हे ‘पप्पांचं १९२’ म्हणून पाठ आहे. पाढ्यांत तेवढंच पक्कं आहे.

गंमत म्हणजे परकीय चलनाचा कायदा, फेमा, एवढा मोजत बसत नाही. नोकरीसाठी देश सोडला की त्याच्या दृष्टीने मी परका झालो. साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यायचं, नाहीतर बँक पत्र पाठवते. एका कायद्याने मी पहिल्या दिवसापासून बाहेरचा, दुसऱ्याने दिवस भरेपर्यंत संशयित, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मते पार्किंगच्या भांडणात साक्षीला हजर राहण्याइतका निवासी.

सामानाचा नियम एकच: दोन्हीकडे संसार पूर्ण ठेवायचा. ब्रश, दाढीचं सामान, चार्जर, चष्मा, चपला, सगळं दोन-दोन. प्रवास करतात ते फक्त पासपोर्ट, एमिरेट्स आयडी (तिकडचं ओळखपत्र), लॅपटॉप, गोळ्या आणि किल्ल्या. पासपोर्ट ३६ पानी घेऊ नका, ६० पानी घ्या. भारतात येता-जाता शिक्के बसले तर वर्षाला शंभराच्या आसपास होतात, आणि एका पानावर किती बसवायचे हे शिक्का मारणाऱ्याच्या मूडवर असतं. किल्ल्या दोन्ही घरांच्या एकाच जुडग्यात ठेवा. ठाण्याची किल्ली दुबईच्या करामा भागातल्या माझ्या खिळ्यावर राहिली, तर रात्री दीड वाजता बेल मारावी लागते, आणि त्या वेळी दार उघडणारी बाई आपली बायको असली तरी आपण तिचा नवरा असतोच असं नाही.

करामात माझी बेडस्पेस आहे, म्हणजे खोली नव्हे, खोलीतला एक पलंग आणि कपाटाचं एक दार. महिन्यातले आठ-नऊ दिवस पलंग रिकामा, भाडं पूर्ण.

हातातल्या बॅगेला सात किलो. रिकामी बॅग २.३, लॅपटॉप चार्जरसकट २.२, उरले अडीच. हे अडीच किलो म्हणजे आईचं कुरुक्षेत्र. स्टीलच्या डब्यात भाजणी द्यायचा तिचा आग्रह, आणि रिकामा डबाच पाव किलोच्या वर. लटकवायचा वजनकाटा दाराच्या हुकाला कायमचा अडकवलेला आहे. रविवारी संध्याकाळी आई डबा घालते, मी काढतो, काटा वर-खाली होतो. पुरणपोळी जाते. कटाची आमटी द्रव पदार्थ ठरते, त्यामुळे १०० मिलीच्या बाटलीत; म्हणजे वासापुरती. श्रीखंड आपण घन समजतो, मशीनवाले समजत नाहीत.

पण खरा घोळ खसखशीचा. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी ना ते! आपल्याकडे अनारशाची एक बाजू तिच्यात बुडवल्याशिवाय तळत नाहीत, करंजीच्या सारणात ती असते, आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही. म्हणजे दिवाळीचा फराळ घेऊन निघालेला निरागस माणूस तिकडच्या कायद्याच्या नजरेत कोण होतो, ते बोलायला नको. आमच्या घरी आता फराळाचे दोन घाणे निघतात. ‘दुबईचे’ अनारसे तिळावर थापतात, सारणात नुसते तीळ-खोबरं, मसाल्याची बरणी वेगळी. बरणीवर आईने मार्करने लिहिलंय: ‘निर्दोष’. मोठी बॅग नेणाऱ्यांनी अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यात टाकू नयेत. तेल जास्त, गरम झालं तर पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून चेक-इन सामानात तेही बंद. खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचून घ्या. कोडीन (तेही अफूच्याच कुळातलं) असेल तर ठाण्यातच खोका.

आठवडाभर संसार फोनवर चालतो, तोही अडखळत. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, कॉल लागत नाही. कॉलसाठी तिकडे परवानगी असलेलं वेगळं ॲप दोन्ही टोकांना टाकावं लागतं. आईने ते टाकून घ्यायला साफ नकार दिला, त्यामुळे तिच्याशी माझं बोलणं व्हॉइस नोटवर, पत्रव्यवहारासारखं. तिचा प्रश्न सकाळी येतो, ‘जेवलास का?’ मी ऐकतो तेव्हा रात्रीचं जेवण झालेलं असतं.

मुलांना गाठायची वेळ दुबईतले संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे इकडचे आठ. त्या वेळी मी मेट्रोत रेड लाईनवर उभा. एका हाताने दांडी, दुसऱ्या हातातल्या फोनवर धाकटीची अपूर्णांकांची वही, तीही उलटी. ‘छेद समान कर’ हे मी इतक्या वेळा ओरडलोय की शेजारचे मल्याळी काका आता मान डोलावतात. साडेआठ वाजू दिले तर ठाण्यात दहा. पोरं झोपलेली, बायको हिशेब विचारायला जागी.

आणि ती चाळीस तासांची सुट्टी! शुक्रवारची मध्यरात्र उलटून दीडला घर, रविवारी संध्याकाळी पावणेसहाला बाहेर. आठवडाभर घरात जे जे बिघडतं ते माझी वाट बघत थांबतं, असा घराचा समज. फ्रिजवर यादी: गीझर, आरओचं फिल्टर, आईचा डॉक्टर, शाळेत साडेदहाला पालकसभा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे तिथली कामं माझ्या जन्मात होणार नाहीत. ती बायको करते. मुखत्यारपत्र तिच्या नावे केल्यापासून तर गीझर आणि मी सोडून सगळं ती परस्पर निकालात काढते. शनिवारी मी उत्साहाने प्लंबरला फोन लावतो, तर तो म्हणतो, ‘साहेब, वहिनींशी बोलणं झालंय, तुम्ही राहू द्या.’

मी आल्यावर डाव्या बाजूची उशी कुठली माझी, हेही विचारावं लागतं. टीव्हीचा रिमोट धाकटी मला पाहुण्याला पाणी द्यावं तसा देते.

तरी शुक्रवारची ओढ असतेच. दुबईहून ७.३५ चं विमान, मुंबईत १२.०५. पण या मार्गावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला, आणि थंडीत तर जोरात. जाताना तो आडवा येतो, येताना ढकलत आणतो. जानेवारीत विमान वीस-वीस मिनिटं लवकर टेकतं. वैमानिक अभिमानाने तसं जाहीर करतो, लोक टाळ्या वाजवून बॅगा काढायला उठतात. मी पट्टा बांधून बसून राहतो. शेवटी मलाही उतरवतात. मग इमिग्रेशनच्या अलीकडच्या स्वच्छतागृहात बॅग पायाशी ठेवून मी हात धुतो. पुन्हा धुतो. शिक्क्यावर शनिवारची तारीख पडल्याशिवाय सीए मानत नाही.

फोन वाजतो.

“उतरलास ना? ॲपवर दिसतंय. मग बाहेर का येत नाहीस?”

“अगं, अजून परदेशात आहे.”

“किती वेळ?”

“सात मिनिटं.”

“ये मग. आणि येताना दूध घेऊन ये, वरच्या नाक्यावर उघडं असतं.”