छंद म्हणजे सुटका? नाही पटलं

गायक-वादकांच्या छंदांवरचा हा लेख छान आहे पण त्यातलं 'कलाकार छंद जोपासतात ते संगीतापासून सुटका म्हणून' हे काही पटलं नाही बुवा. भीमसेनजींचंच घ्या ना, गाड्यांचं वेड जगजाहीर, स्वतः ड्रायव्हिंग करत कुठल्याकुठे मैफलीला जायचे, पुढे विमानाने इतके फिरले की लोक हवाईगंधर्व म्हणायला लागले, पण स्टिअरिंग काही सुटलं नाही. आता सांगा, यात गाणं कुठे संपलं आणि छंद कुठे सुरू झाला? गाडी मैफलीकडेच चालली होती की! लतादीदींचं क्रिकेटही तसंच, १९८३ चा वर्ल्ड कप जिंकल्यावर खेळाडूंना बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते तेव्हा दिल्लीत कार्यक्रम केला तो गाण्याचाच.

आणि एक गोष्ट लेखात राहूनच गेली, वादकाला सगळे छंद परवडत नाहीत हो. मी तबला वाजवतो (हौशी, भजनी मंडळातला), गच्चीत गुलाब लावायचा नाद होता. एका रविवारी छाटणी करताना काटा तर्जनीत गेला, टोक आतच मोडलं, आणि संध्याकाळी साथीला बसलो तर चाटेवर (तबल्याच्या काठावर) तर्जनीने 'ना' हा बोल मारला की डोळ्यात पाणी, आमचे बुवा समजले मी अभंगात रंगलोय!! तेव्हापासून कात्री बायकोकडे, मी फक्त पाणी घालतो आणि कुठली फांदी कापायची ते लांबून सांगतो, त्यावरून रोज भांडण होतं ते वेगळं.