गायकवाडांची फाईल

ऑफिस असिस्टंटचा कोर्स करतोय म्हटलं की दांडिया बाजारातली वडीलधारी मंडळी विचारतात, "म्हणजे टायपिंगच ना?" मी मान डोलावतो. खरं सांगायचं तर फाईलिंगपासून सुरुवात करावी लागते, आणि बडोद्यात फाईलिंग म्हणजे गायकवाड.

उच्चार एकच, इंग्रजी स्पेलिंगं तीन. राजघराण्याचं जी-ए-ई, कुणाच्या पासबुकात जी-ए-आय, कुणाच्या दाखल्यावर जी-ए-वाय. अक्षरक्रमाने लावायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गज्जर आणि गांधी सहकुटुंब येऊन बसतात. सयाजीरावांनी १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवून घेतला; आडनावाच्या स्पेलिंगचं तेवढं राहून गेलं.

उपाय क्रॉस-रेफरन्सचा. सहीतलं स्पेलिंग पक्कं धरायचं आणि बाकीच्या दोन जागी जाड रंगीत कार्ड लावायचं: 'जी-ए-ई पाहा'. कार्ड बघणारा तिकडे न पाहता तिथेच नवी फाईल उघडतो, हे पुस्तकात नाही.

त्यात भाई-बेन. जोशांच्या जयश्रीताईंना फॉर्म भरणाऱ्याने परस्पर 'जयश्रीबेन' केलेलं असतं. नियम म्हणतो, छोटं नाव आधी, लांब मागे. बाई एकच, फोल्डर दोन, आणि हवी ती पावती कायम दुसऱ्यात. फाईल काढली की तिच्या जागी आउट-कार्ड ठेवायचं: कोणी नेली, कधी नेली, परत कधी. लोक फाईलबरोबर आउट-कार्डही नेतात.

मेल मर्जचं, म्हणजे एक्सेलच्या यादीतून वर्डमध्ये प्रत्येकाच्या नावाचं पत्र काढण्याचं, दुखणं वेगळं. एक्सेल तारीख मुळात आकडा म्हणून साठवतं. वर्डमध्ये ती बऱ्याचदा अमेरिकन थाटात उतरते आणि ५ ऑगस्टचा ८ मे होतो. ऑल्ट-एफ९ दाबून फील्डचा, म्हणजे पत्रात तारीख बसते त्या जागेचा, कोड उघडायचा, नावापुढे उलटी तिरकी रेघ, ॲटचं चिन्ह आणि अवतरणात डीडी-एमएम-वायवायवायवाय. एमएम कॅपिटलच हवं. लहान एमएम म्हणजे मिनिटं, आणि नुसत्या तारखेत मिनिटं नसल्याने सगळी पत्रं शून्याव्या महिन्यात जातात.

नोटिशीचं गणित त्याहून कडू. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे सर्वसाधारण सभेला २१ पूर्ण दिवस आधी नोटीस हवी. पाठवल्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही, पोस्टाने असेल तर आणखी दोन दिवस. म्हणजे ३० सप्टेंबरच्या सभेला हातोहात ८ तारखेला, पोस्टाने ६ ला. 'तीन आठवडे आधी टाकली की' म्हणणारे इथेच नापास.

इतिवृत्तात निर्णय लिहायचा, भांडण नाही. सेवउसळ मागवावी की ढोकळा, यावर सभा पाऊण तास तापते. कागदावर उतरतं 'अल्पोपाहारास मंजुरी देण्यात आली'. खाली अध्यक्षांची सही: गायकवाड, जी-ए-वाय.