'वाचनवेडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार वाचनवेडा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली आणि खाली चार ओळी टाकाव्यात म्हणून बसले तर ते एवढं वाढलं की आता वेगळी पोस्टच करतेय. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅरी पॉटर वगैरे संपवून जी तेरा-चौदा-पंधरा वर्षांची मुलं मोठ्यांच्या जाडजूड इंग्रजी फँटसीकडे वळतात, त्यांना देता येतील अशा, सेक्सची सविस्तर वर्णनं नसलेल्या कादंबऱ्यांची यादी मी दिली होती. त्यावर वाचनवेडा लिहितात, "काकू, ही यादी सोवळ्यात बसून केल्यासारखी वाटते. मिस्टबॉर्नमध्ये उमराव गुलाम बायकांना भोगून मारून टाकतात ते तुम्हाला चालतं, पण दोन माणसं प्रेमाने जवळ आली की चालत नाही. श्यामा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६९ साली सांगितलेलं तुमच्यापर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही. आधी पुस्तकं वाचा, मग याद्या करा." (मिस्टबॉर्न म्हणजे ब्रँडन सँडरसनची फँटसी, माझ्या यादीतली.) पुढे आणखी आहे, मुलांचं मुलांना ठरवू द्या, यादीत भारतीय लेखक का नाहीत, आणि तुमची स्वतःची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला तुम्ही कधीच काही वाचू नको म्हणालेला नाहीत.

आधी ते 'काकू' घेते. आपली ओळख नाही, प्रोफाइलला माझा फोटो नाही, वय मी कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे एक बाई मुलांच्या वाचनाबद्दल लिहितेय एवढ्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत की ही पदर खोचून, नाकावर चष्मा ठेवून कादंबऱ्यांची पानं एकमेकांना चिकटवत बसलेली असणार. हीच्या हीच यादी एखाद्या पुरुषाने टाकली असती ना, तर तुमची सुरुवात "सर, यादी छान, एक शंका आहे" अशी झाली असती, पैज लावा. मुद्दा पटला नाही तर नाही पटला म्हणा, मी कुणाच्या प्रतिक्रिया उडवत नाही, तुमचीही अख्खी तिथेच आहे, पण बोलायची एक पद्धत असते की नाही?

आणि सोवळं! अहो, मी गिरगावात चाळीत वाढले. दोन खोल्यांत सहा माणसं आणि पुस्तकं एकाच जागी, बाबांच्या खाटेखाली. त्यात बाबूराव अर्नाळकर होते, नारायण धारप होते, आणि हो, चंद्रकांत काकोडकरही होते. नववीत भूगोलाच्या पुस्तकात घालून मी ते वाचलेत, आईच्या पाठीमागे आणि आजीच्या डोळ्यांदेखत, कारण आजीला भूगोल आणि काकोडकर यांतला फरक लांबून दिसत नव्हता. ज्या खटल्याचं नाव तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत ना, तो मला बाबांनी सांगितलेला आहे. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टाने त्यांना दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने सोडलं. तेव्हा पोचलंय माझ्यापर्यंत, निरोपाबद्दल आभार.

कोपऱ्यावर एक लायब्ररी होती. तिथले काका काही पुस्तकं हातात घेऊन म्हणायचे, "हे दोन वर्षांनी ने." मग मी ते तिथेच स्टुलावर बसून वाचायचे आणि काका रजिस्टरमध्ये डोकं घालून बसायचे, बघितलं नाही असं दाखवत. (हे माझ्याच विरोधात जातं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.)

"आधी पुस्तकं वाचा" हे मात्र मला खरंच लागलं. यादीतलं प्रत्येक पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. सुझॅना क्लार्कचं 'जॉनथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' तळटीपांसकट वाचलंय, आणि ज्यांनी ते हातात धरलंय त्यांना माहितीये की त्यातल्या काही तळटीपा म्हणजे स्वतंत्र गोष्टीच आहेत, पानंच्या पानं. 'द गॉब्लिन एम्परर'मधली नावं डोक्यात बसेनात म्हणून कागदावर वंशावळ काढून वाचलंय. सँडरसनचं 'द वे ऑफ किंग्ज' हजार पानांच्या वर जातं, ते लोकलमध्ये उभं राहून वाचून बघा, मनगट काय म्हणतं ते. तुम्ही यातलं किती वाचलंय हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, मिस्टबॉर्नचा एक प्रसंग सोडला तर. आणि तोही पहिल्या काही पानांतला आहे.

आता यादी केली कशासाठी ते सांगते, म्हणजे सोवळ्याचा हिशेब एकदाचा मिटेल. ठाण्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी घरीच दोन कपाटांची लायब्ररी चालवते. वर्गणी नाही, एक वही आहे, नाव लिहा आणि न्या. आठवीतल्या एका मुलीला वाढदिवसाला 'फोर्थ विंग' मिळालं, २०२३ पासून ते सगळीकडे दिसतंय, कव्हरवर ड्रॅगन, आत ड्रॅगनस्वारांची लष्करी शाळा, देणाऱ्याला वाटलं पॉटरसारखंच काहीतरी असेल. नायिका वीस वर्षांची आहे आणि पुस्तकाच्या उत्तरार्धात जे आहे ते सविस्तर आहे, मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेलं. त्यात काही गैर नाही, मी स्वतः आवडीने वाचलंय. पण ती पोरगी माझ्याकडे आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "मावशी, असंच जाडं, असंच मोठ्यांचं, पण ते तसलं नसलेलं काही आहे का?" कुणी आईबाप आले नव्हते, कुणी व्हॉट्सॲपवर मोर्चा काढला नव्हता. वाचणारीने स्वतः विचारलं. तिला मी काय सांगायला हवं होतं, वाचनवेडा? की बाळ, सुप्रीम कोर्टाने तुझ्या बाजूने निकाल दिलाय, तू बिनधास्त पुढे वाच?

मुलं लहान मुलांच्या कपाटात राहायला तयार नसतात आणि मोठ्यांच्या कपाटात पुस्तकांवर काहीच लिहिलेलं नसतं. सारा मासचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ साली किशोरवयीन वाचकांचं पुस्तक म्हणून आलं, आणि २०२०मध्ये प्रकाशकानेच नव्या कव्हरात ते मोठ्यांचं म्हणून काढलं. मजकूर तोच, फक्त कपाट बदललं. माझ्या घराजवळच्या एका मोठ्या दुकानात ती मालिका अजूनही शाळकरी पुस्तकांच्या रांगेत लावलेली असते. बरं, पुरस्कारांवर जावं तर अमेरिकेतली ग्रंथपालांची संघटना दर वर्षी बारा ते अठरा वयाच्या वाचकांना आवडतील अशी मोठ्यांची १० पुस्तकं निवडते, ॲलेक्स अवॉर्ड म्हणतात त्याला. २०१९च्या यादीत नाओमी नोविकचं 'स्पिनिंग सिल्व्हर' आहे, जे माझ्याही यादीत आहे, आणि शेजारीच मॅडलिन मिलरचं 'सर्सी' आहे, ज्यात नायिकेवर बलात्कार होतो आणि त्यानंतरच ती खलाशांची डुकरं करायला लागते. पुस्तक उत्तम आहे, सोळा-सतराच्या मुलीला मी ते स्वतः देईन, पण तेरा वर्षांच्या मुलीला न सांगता हातात देणार नाही. ती निवड मुलांना काय आवडेल याची आहे, आत काय आहे याची नाही. म्हणून स्वतः वाचून सांगणारं कुणीतरी लागतं, आणि माझ्याकडे कपाट आहे आणि वेळ आहे, बस.

मिस्टबॉर्नकडे येते, कारण तोच तुमचा हुकमाचा पत्ता दिसतोय. बरोबर आहे तुमचं, त्या साम्राज्यात उमराव स्का म्हणजे गुलाम वर्गातल्या बायकांना उचलून नेतात आणि नंतर मारून टाकतात, मिश्र संतती होऊ नये म्हणून तसा कायदाच आहे. पण हे सगळं पडद्यामागे आहे. सँडरसन ते सांगतो, दाखवत नाही, आणि पुस्तकभर ते कुणाला चालत नाही म्हणून तर बंड होतं. मी 'एक्स्प्लिसिट', म्हणजे उघड सविस्तर वर्णन, असा शब्द वापरला होता, 'विषयच नाही' असं म्हटलं नव्हतं. पिळवणूक, गुलामी, सत्ता हे वाचायला तेराव्या वर्षी हरकत नाही असं माझं मत आहे, महाभारत ऐकतच मोठी होतात आपल्याकडची पोरं. हां, एक गोष्ट तुमची घेतली. 'निर्धास्त द्या' अशा माझ्या वाक्यापुढे मी आता 'रक्तपात भरपूर आहे' असं जोडलंय. झालं समाधान?

आणि "प्रेम चालत नाही" हे तुम्ही कुठून काढलंत? माझ्या यादीत प्रेमच प्रेम आहे. मिस्टबॉर्नमधली विन सोळा वर्षांची रस्त्यावरची चोर आहे आणि एलेंड मेजवान्यांना पुस्तक घेऊन बसणारा उमरावाचा मुलगा, त्या दोघांसाठी मुली पुढचे भाग मागायला येतात. जॉनथन स्ट्रेंज बायकोला परत आणायला वेडाच्या दारापर्यंत जातो. 'स्पिनिंग सिल्व्हर'मध्ये नको असलेली लग्नं आहेत, एक तर हिमराजाशीच, आणि त्यातून माणसं कशी उभी राहतात ते आहे. दार लागतं आणि प्रकरण संपतं एवढंच. याच्या उलट उदाहरण द्यायचं तर रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' मी यादीत घेऊन काढून टाकलं, कारण पहिला भाग चालण्यासारखा असला तरी २०११ साली आलेल्या दुसऱ्या भागात फेलुरियन नावाच्या मोहिनीबरोबरचं लांबच लांब शृंगाराचं प्रकरण आहे, आणि पहिला वाचलेलं पोरगं दुसऱ्यासाठी थांबणार आहे थोडंच. 'द पॉपी वॉर'ही घेतलं नाही, त्यात शय्यादृश्यांचा प्रश्नच नाही, पण सुरुवातीची शाळा संपली की चीनमधल्या नानजिंगच्या कत्तलीवर बेतलेलं जे येतं ते वाचून मला स्वतःला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती. म्हणजे हिंसा मला सरसकट चालते हा तुमचा शोध तिथेच निकालात निघतो, फक्त मूळ पोस्ट खालपर्यंत वाचायला हवी होती.

श्यामा खटल्याचं एवढंच, की कोर्टापुढे प्रश्न होता लेखकाला शिक्षा करायची की नाही. केवळ लैंगिक उल्लेख म्हणजेच अश्लीलता असं धरलं तर फक्त धार्मिक पुस्तकंच विकता येतील, हे कोर्टाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मी कुणावर खटला भरलाय? कुठलं पुस्तक जाळा, बंद करा, लायब्ररीतून काढा असं म्हटलंय? कुणाला काय मिळेल ते सांगणं आणि कुणाला काही मिळू न देणं यात फरक आहे, आणि कोर्टाचे निकाल उद्धृत करणाऱ्या माणसाला तो दिसत नसेल तर मी काय बोलणार.

बाकीचे मुद्दे, मुलांचं मुलांना ठरवू द्या म्हणता, ठरवतातच ती, यादी त्यासाठीच आहे. भारतीय लेखक हा वेगळा विषय आहे, वेगळी पोस्ट लागेल, तुम्हीच लिहा हवं तर. "तुमच्यासारख्यांमुळेच मुलं वाचत नाहीत" या वाक्याला मी उत्तर देणार नाही, माझी वही येऊन बघा.

काहींनी मेसेज करून विचारलंय की स्वतः कसं तपासायचं, ते तुमच्या निमित्ताने लिहून टाकते. स्टोरीग्राफ या वेबसाइटवर वाचकांनीच भरलेल्या सूचना असतात, काय आहे आणि किती आहे, किरकोळ की सविस्तर, ते बघा. कॉमन सेन्स मीडिया या वेबसाइटवर वयाचा आकडा असतो, त्या आकड्यापेक्षा खालचा तपशील वाचा, आकडे अमेरिकन आईबापांच्या हिशेबाने असतात. नावात 'अमुक अँड तमुक' असेल, म्हणजे रक्त, राख, काटे, मुकुट यांच्या जोड्या, तर आधी स्वतः चाळा. आणि मालिका असेल तर शेवटपर्यंतची चौकशी करा, पहिलं पुस्तक फसवं असतं. उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेचं पहिलं पुस्तक १९६८चं, ते बारा वर्षांच्या मुलालाही द्या, पण १९९०चं 'तेहानू' वेगळ्या वयाचं आहे, त्यात एका लहान मुलीचे जे हाल झालेत ते मोठ्यांनाही झेपत नाहीत.

तुमच्या मुलीबद्दल. तिला तुम्ही काहीही वाचू देता, चांगलंय, मला त्यात पडायचं नाही. पण तुम्ही लिहिलंय की तिला सध्या काही आवडेनासं झालंय, अर्धी अर्धी पुस्तकं टाकून देते. तिला टेरी प्रॅचेट द्या. डिस्कवर्ल्ड या त्याच्या विनोदी फँटसी मालिकेची ४१ पुस्तकं आहेत, आणि लोक १९८३च्या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून कंटाळतात, तसं करू नका, 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून सुरू करा, १९८९चं आहे, एक ड्रॅगन आणि शहराचे चार नालायक पहारेकरी, मागचं काही माहीत असायची गरज नाही. हसली तर पुढे 'मेन ॲट आर्म्स'. नाही हसली तर क्लार्कचं 'पिरानेसी', तीनशे पानांच्या आत संपतं, २०२१चा विमेन्स प्राइझ मिळालेलं, एका न संपणाऱ्या घरात एकटा राहणारा माणूस आणि त्याच्या डायऱ्या. ठाण्यात असाल तर दोन्ही माझ्याकडे आहेत, मेसेज करा, वहीत नाव लिहायला मुलीला पाठवा.