टेकडीवरच्या निर्बंधांबद्दल, रोज टेकडीवर जाणाऱ्याकडून

आमच्या सकाळच्या गटात गेले काही दिवस एकच विषय चालू आहे. टेकडीवरच्या वनक्षेत्रात ये-जा करण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात, आत येण्याच्या वाटा मोजक्याच ठेवाव्यात आणि जमल्यास थोडेफार शुल्कही घ्यावे, अशी सूचना पुण्यात अधूनमधून पुढे येते, आणि ती आली की ‘आमची टेकडी बंद करणारे तुम्ही कोण?’ हा सूर लागायला वेळ लागत नाही. वीस-बावीस वर्षे मी वेताळ टेकडीवर जातो आहे आणि तो सूर मीही लावलेला आहे. या वेळी मात्र मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. पायवाटांवर निर्बंध यावेत, काही वाटा पूर्ण बंदही कराव्यात. पण फाटक बसवून तिकीट फाडणे याला कोणी व्यवस्थापन म्हणू नये.

आधी आपल्या हक्काचे पाहू. आपण जिला सरसकट वेताळ टेकडी म्हणतो ती एका मालकीची नाही. तिच्यात वनविभागाची, महापालिकेची, संस्थांची आणि खासगी अशी सगळ्या प्रकारची जमीन आहे. त्यातला जो भाग राखीव वन असेल तिथे परवानगीवाचून शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ नुसार गुन्हाच ठरतो. गुरे चारणे, लाकूड तोडणे, आग लावणे यांच्याच पंगतीला ते कलम बसवलेले आहे, आणि पहाटे बूट घालून नुसता चालायला येणारा माणूस ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असेल असे वाटत नाही. तेव्हा आपण फिरतो ते विभाग कानाडोळा करतो म्हणून. हा कानाडोळा सोयीचा आहे खरा, पण उद्या वाट बंद झाली तर दाद कशाच्या जोरावर मागायची, हा प्रश्न त्याने अनुत्तरितच ठेवला आहे.

आता आपण तिथे काय करतो तेही पाहावे. वनविभागाने उतारावर पाणी मुरावे म्हणून समतल चर खणले आहेत. चराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध असतो. वळसा टाळणारी माणसे तो बांध ओलांडून सरळ खाली उतरतात. एकाच्या पावलाने काही होत नाही, पण महिन्याभरात तिथे खोबण पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात चरात साठलेले पाणी त्या खोबणीतून पायवाटेवर येते. पुढच्या वर्षी पायवाटेचा ओढा झालेला असतो, मुरूम वाहून जाऊन झाडांची मुळे उघडी पडतात, आणि ओढ्यातून चालवत नाही म्हणून लोक शेजारून नवी वाट पाडतात. माझ्या नेहमीच्या उतारावर एकीच्या अशा पाच वाटा झाल्या आहेत. त्यातल्या एकीचा मूळ पुरुष मी आहे, कारण कार्यालयाची बस गाठण्यासाठी मी चार मिनिटे वाचवत असे.

याशिवाय मोरांसाठी शेव-कुरमुरे टाकणारे भाविक आहेत, आणि कुत्री मोकळी सोडणारे आहेत. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, हे त्या कुत्र्यांना त्यांच्या मालकांपेक्षा चांगले ठाऊक असते.

म्हणून विणीच्या काळात पठाराचा काही भाग बंद ठेवला, पावसाळ्यात धुपणाऱ्या वाटांना वर्षभर विश्रांती दिली, तर माझी काहीच तक्रार नाही. शुल्काला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणाने. तिकिटाने पावले कमी होत नाहीत, फक्त पाऊल टाकणाऱ्याला आपण किंमत मोजली आहे असे वाटू लागते. शिवाय पहिला फटका बसतो तो पायथ्याच्या वस्तीतल्या लोकांना, ज्यांच्याकडे व्यायामशाळेचे पैसे नाहीत म्हणूनच जे टेकडी चढतात.

चालणारा आणि वाहन यांना एकाच मापाने मोजणे ही दुसरी चूक. सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने थांबवून ई-बस सुरू झाल्या होत्या. सुट्टीची गर्दी आणि बसची संख्या यांचा मेळ बसला नाही, आणि त्याच महिन्यात तो प्रयोग गुंडाळला गेला. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो, फक्त तयारी अपुरी होती. घाटात तासन्‌तास अडकलेल्या मोटारी आणि पायथ्याच्या आतकरवाडीपासूनच्या पायवाटेने घाम गाळत वर आलेला माणूस, यांच्यापैकी निर्बंध कोणावर हवा हे सांगायला समिती नेमावी लागू नये.

त्यात वन संवर्धन कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने गुंतागुंत वाढवली आहे. ठरावीक अटींवर, संरक्षित क्षेत्रांबाहेरच्या वनजमिनीवर शासनाने उभारलेले प्राणिसंग्रहालय, सफारी किंवा निसर्ग पर्यटनाच्या सुविधा आता ‘वनेतर वापर’ धरल्या जात नाहीत. म्हणजे उद्या कोणी टेकडीवर निरीक्षण मनोरा, उपाहारगृह आणि दिव्यांची रांग असा आराखडा आणला, तर केंद्राच्या पूर्वपरवानगीचा पूर्वीचा मोठा अडसर तिथे असेलच असे नाही, आणि त्याच वेळी सकाळी सहाला येणाऱ्याला मात्र ‘जंगलाला त्रास होतो’ म्हणून थांबवले जाईल. हा न्याय मला समजत नाही.

म्हणून प्रस्ताव कोणताही असो, तो मराठीत, नकाशासह, हरकतींना पुरेसा अवधी देऊन मांडला जावा. कोणती वाट का बंद केली आणि ती कधी उघडणार, हे त्या वाटेच्या तोंडाशीच लिहिलेले असावे. वनरक्षकांची संख्या वाढवावी. कुंपणाचा खर्च त्यांच्या पगारावर झाला तर अधिक बरे.

माझी वाट मी गेल्या जूनपासून सोडली आहे. तिच्या तोंडाशी वाळलेल्या बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या आणि रोज वळशाने जाऊ लागलो. परवा उतरताना पाहिले, कोणीतरी त्या फांद्या उचलून नीट बाजूला रचून ठेवल्या होत्या आणि मातीत बुटांचे ठसे होते. मी फांद्या पुन्हा आडव्या टाकल्या. बोटात काटा मोडला, तो अजून आतच आहे.