पाइनच्या सूत्रकृमीत ‘सगळे एकसारखेच’ नसतात

पाइनची उभी जंगले वाळवणाऱ्या सूत्रकृमीविषयी एक दावा सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतला, बाहेरच्या देशांत तो लाकडातून मोजक्याच संख्येने पोहोचला, म्हणून तिथले सगळे कृमी एकमेकांच्या नकला आहेत, नकला असल्याने ते वंशाने दुबळे आहेत आणि कालांतराने आपोआप संपतील, तोवर एखादे प्रतिकारक्षम वाण सगळीकडे लावले की पुरे, मायदेशी हा कृमी निरुपद्रवीच होता, बाहेर गेल्यावर बदलून मारक झाला, आणि जिथे तो आधीच शिरला आहे तिथे आयात लाकडाची तपासणी म्हणजे निव्वळ खर्च. या साखळीतली पहिली कडी, म्हणजे बाहेरचे सगळे कृमी एकमेकांच्या नकला आहेत ही, अर्धी खरी आहे आणि तिच्याच जोरावर बाकीच्या कड्या खऱ्या वाटतात, म्हणून सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा लागेल.

कृमीचे शास्त्रीय नाव बर्साफेलेंकस झायलोफिलस. त्याची लांबी जेमतेम 1 मिलिमीटर. त्याला स्वतःहून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. मोनोकामस प्रजातीचे लांब मिशांचे भुंगेरे त्याला श्वासनलिकांत भरून नेतात आणि कोवळ्या फांद्यांची साल कुरतडताना झालेल्या जखमांतून तो आत उतरतो. जपानमध्ये नागासाकी भागात या मरीची पहिली नोंद 1905 मध्ये झाली, पण तिचे कारण हा कृमी आहे हे 1971 मध्ये सिद्ध झाले. पुढे तो 1982 मध्ये चीनमधील नानजिंग येथे, 1988 मध्ये दक्षिण कोरियात आणि 1999 मध्ये पोर्तुगालमध्ये सापडला.

आता ‘नकला’ हा शब्द. तो मुळातच चुकीचा आहे, कारण या जातीत नर आणि मादी वेगळे असतात आणि दोघांच्या मीलनाशिवाय संतती होत नाही. याच कुळातल्या बर्साफेलेंकस ओकिनावाएन्सिस या जातीत एकच प्राणी स्वतःच स्वतःला फलित करू शकतो, पण ती जात वेगळी, आणि तिचे वर्णन या जातीला चिकटवता येत नाही. तरीही दाव्यामागचे निरीक्षण निराधार नाही. पोर्तुगालमधील कृमींची जनुकीय खुणांच्या आधारे तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात फारच थोडे फरक आढळले. मोजके कृमी नव्या भूमीत येऊन त्यांचाच विस्तार झाला, तर असे घडणे अपेक्षितच असते.

मात्र हा फरक नेमका कुठे मोजला, हा प्रश्न दाव्यात विचारलेलाच नाही. एका झाडातले कृमी एकमेकांशी ताडून पाहणे वेगळे, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या जंगलांतले कृमी एकमेकांशी ताडून पाहणे वेगळे. असे का, हे कृमीच्या प्रवासातून कळते. एक भुंगेरा सहसा हजारो, आणि क्वचित 2 लाखांहूनही अधिक कृमी वाहून नेतो. ही संख्या पाहिली की पूर्वजांचा केवढा मोठा गोतावळा नव्या झाडात शिरला असे वाटते, पण ते सगळे कृमी एकाच मेलेल्या झाडात, भुंगेऱ्याच्या कोशाच्या पोकळीभोवती जमलेले असतात आणि बहुतेक थोड्याच मातापित्यांचे वंशज असतात. त्यात 25 अंश सेल्सिअस तापमानाला कृमीची एक पिढी चार-पाच दिवसांत पुरी होते, त्यामुळे एका उन्हाळ्यात त्या थोड्या पूर्वजांची संतती सगळे खोड व्यापते. डोकी मोजली तर लाखो भरतात, घराणी मोजली तर मूठभर. परिणामी एका झाडातले कृमी एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतात, आणि शेजारच्या जंगलात दुसऱ्याच घराण्याचा अंमल असू शकतो.

उत्तर अमेरिकेत, म्हणजे जिथे कृमी कुठूनही ‘आलेला’ नाही तिथेही, हेच चित्र दिसले आहे: एकेका ठिकाणी थोडीच विविधता, पण ठिकाणाठिकाणांमध्ये ठळक अंतर. म्हणजे एका जागेवरचे नमुने सारखे निघाले, तर तो केवळ स्थलांतराचा पुरावा ठरत नाही. तो या प्राण्याच्या जगण्याच्या रीतीचाही परिणाम असू शकतो. जपानमधील कमी-अधिक मारक वंशांचे संपूर्ण जनुकसंच जेव्हा शेजारी ठेवून वाचले गेले, तेव्हा त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर फरक आढळले, आणि झाडाच्या पेशींवर काम करणाऱ्या, कृमीच्या शरीरातून स्रवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांतही ते होते. हा जनुकसंच पहिल्यांदा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तो डीएनएच्या सुमारे साडेसात कोटी अक्षरांचा आहे आणि त्यात अंदाजे 18 हजार जनुके आहेत. डझनभर खुणा सारख्या निघाल्या म्हणून उरलेला सगळा ग्रंथही सारखाच असेल, असे मानण्याला आधार नाही.

दुबळेपणाचा मुद्दा यातूनच बराचसा निकालात निघतो. जवळच्या नात्यात प्रजनन झाले की लपलेले हानिकारक जनुकदोष उघडे पडतात, हे खरे. पण जो प्राणी पिढ्यानपिढ्या असाच जगत आला आहे, त्याच्यात असे दोष वेळोवेळी उघडे पडून गाळले जाण्याचीही शक्यता असते. जनुकसंच वाचण्यासाठी वापरलेला कृमीचा वंश मुद्दाम वारंवार अंतःप्रजनन करून तयार केला होता आणि तो प्रयोगशाळेत बुरशीवर व्यवस्थित वाढत होता. प्रयोगशाळेबाहेरचा दाखला हवा असेल, तर शंभर वर्षांहून अधिक काळ लोटूनही जपानमधला कृमी मावळला तर नाहीच, उलट होन्शू बेटाच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचला. झाड मरते ते त्याच्या पाणी वाहणाऱ्या पेशींत हवा शिरून वरचा पुरवठा तुटल्यामुळे, आणि त्यात झाडाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचाही वाटा असतो. त्यासाठी कृमींना परस्परांहून वेगळे असण्याची गरज नसते.

प्रतिकारक्षम वाणाची सूचना ऐकायला सोपी आहे, आणि मला सर्वांत धोकादायक वाटते ती हीच. जपानमध्ये 1978 पासून चाललेल्या निवड कार्यक्रमातून लाल पाइनची 92 आणि काळ्या पाइनची 16 प्रतिकारक्षम झाडे निवडली गेली. एवढी वेगवेगळी झाडे निवडली, एकावर भागवले नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. शिवाय ‘प्रतिकारक्षम’ याचा अर्थ ‘अबाधित’ असा होत नाही. निवडलेल्या झाडांच्या रोपांना कृमी टोचले तर काही रोपे तगतात आणि काही मरतातच, कारण प्रतिकारशक्ती ही चढत्या-उतरत्या प्रमाणात असणारी गोष्ट आहे, आणि वाऱ्यावर आलेल्या परागाने बी धरले असेल तर रोपाचा अर्धा वारसा अनोळखी झाडाकडून आलेला असतो.

आणि कृमीच्या बाजूने पाहिले तर तिथेही एकच पात्र नाही. जपानमधूनच मिळालेले सी14-5 आणि ओकेडी-1 हे वंश पाइनला फारसे मारत नाहीत, तर केए4 हा वंश चांगलाच मारक आहे. एका वंशासमोर टिकलेले वाण दुसऱ्यासमोर टिकेलच असे गृहीत धरून हजारो हेक्टरवर तेच एक वाण लावणे म्हणजे त्या वाणावर मात करू शकणाऱ्या कृमींनाच निवडून पुढे पाठवण्यासारखे आहे.

मायदेशातल्या निरुपद्रवीपणाचे श्रेय दावा कृमीला देतो. ते मुख्यतः झाडांचे आहे. कृमीचे पहिले वर्णन 1934 मध्ये लुइझियानातल्या एका पाइनच्या लाकडावरून झाले, आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तिथे कुणाला त्याच्याविषयी शंका आली नाही. मग 1979 मध्ये मिसूरीत मरणाऱ्या ऑस्ट्रियन पाइनमध्ये तो सापडला. ऑस्ट्रियन पाइन तिथले नव्हे, युरोपातून नेऊन लावलेले झाड आहे. युरोपातूनच नेलेले स्कॉट्स पाइनही अमेरिकेत याला मोठ्या प्रमाणावर बळी पडते. कृमी तोच, भूमी तीच, फक्त झाड परके, आणि झाड मरते! मारक होण्यासाठी कृमीला समुद्र ओलांडावा लागला नाही. हवामानाचाही भाग आहेच, कारण उन्हाळ्याचे सरासरी तापमान 20 अंशांच्या खाली राहते तिथे कृमी असूनही झाडे सहसा वाळत नाहीत. (अमेरिकेत या जातीची दोन रूपेही आहेत, गोल शेपटीचे आणि टोकदार शेपटीचे, टोकदार शेपटीचे रूप बाल्सम फरच्या झाडात मिळाले. ‘मायदेशातला कृमी’ असे एकवचनात बोलणेही म्हणूनच अवघड आहे.)

शेवटचा मुद्दा तपासणीचा. लाकडी खोक्यांसारख्या वेष्टनांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि त्यात मान्य असलेला एक प्रमुख उपाय म्हणजे लाकडाचा गाभा किमान 30 मिनिटे 56 अंश सेल्सिअसवर तापवणे. या उष्णतेला कृमीचे घराणे कोणते याच्याशी कर्तव्य नसते, ती सगळ्यांनाच मारते. कृमी आधीच शिरलेल्या देशात हा नियम फुकट आहे हे म्हणणे तेव्हाच पटले असते, जर बाहेरून येणारा प्रत्येक कृमी घरच्या कृमीची नक्कल असता. प्रत्यक्षात वेगवेगळ्या ठिकाणच्या कृमींचा संकर होऊ शकतो. वेगळ्या घराण्याच्या कृमींनी भरलेले एकच खोके अशा देशात उतरले आणि त्यांना वाहून नेणारा भुंगेरा तिथे मिळाला, तर स्थानिक कृमींमध्ये आजवर नसलेली जनुके मिसळतील, आणि तिथली प्रतिकारक्षम रोपे ज्या कृमींसमोर पारखून घेतली होती ते कृमी मग बदललेले असतील.