वारा लागतो, पण नेमका कधी?

तुमची हरकत अशी, की "उडत्या विमानाला वारा कळत नाही" हे माझं वाक्य चूक आहे. कागदी विमान पाठवाऱ्यात सोडलं की लगेच नाक टाकतं, खरी विमानंही वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात-उतरतात. मग कळत नाही कसं? निम्मी हरकत मान्य. "एकसारखा वाहणारा वारा" असं लिहायला हवं होतं, ती चूक माझीच. पण तुमची दोन्ही उदाहरणं उड्डाणाची नाहीत, जमीन सोडण्याची आणि गाठण्याची आहेत.

हात जमिनीच्या हिशेबाने वेग देतो, पंखांना मात्र हवेच्या हिशेबातला वेग लागतो. धरा, ए-फोर कागदाचं पाचेक ग्रॅमचं विमान सेकंदाला ५ मीटरने छान तरंगतं आणि वारा २ मीटरचा आहे. समोरच्या वाऱ्यात ५ नेच फेकलं तर पंखांवर ७ मीटरची हवा येते. लिफ्ट, म्हणजे पंखांना वर उचलणारं बल, वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट होते. विमान नाक वर करून चढतं, वेग मरतो आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटून, आपटतं. पाठवाऱ्यात हवेतला वेग ३ च उरतो, लिफ्ट तिसऱ्या हिश्श्यावर येते. तुम्ही पाहिलंत ते हेच. समोर वारा असेल तर विमान ३ च्या वेगाने, जवळजवळ ढकलल्यासारखं सोडा आणि पंखांच्या मागच्या कडेची वरची दुमड थोडी सपाट करा. पाठवाऱ्यात ७ ने, म्हणजे चांगलं जोरात फेका.

सुटका जमली की खरी गंमत. सारख्या उंचीवरून सोडलेलं विमान दोन्हीकडे साधारण तेवढाच वेळ हवेत राहतं. ४ सेकंद धरले तर वाऱ्याविरुद्ध १२ मीटर जाईल, वाऱ्यासोबत २८. घड्याळ लावून बघा. वेळेत मोठा फरक पडला तर फेक बिघडली किंवा वारा झोतांचा होता.

धावपट्टीवर हाच हिशेब चाकं करतात. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत समोरच्या दर ९ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यामागे उड्डाणाचं अंतर १० टक्के कमी धरतात. पाठवाऱ्यात दर २ नॉटमागेच १० टक्के वाढवतात. एकदा वर गेल्यावर १०० नॉटने उडणाऱ्या विमानाला २० नॉटचा आडवा वारा असेल तर नाक साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवून सरळ जाता येतं. पंखांना त्यात काही वेगळं जाणवत नाही.

बदलता वारा मात्र खरोखर लागतो, आणि माझं वाक्य तिथेच पडलं. कागदी विमान एक-दोन सेकंदांत नव्या वाऱ्याशी जुळवून घेतं. जड, वेगवान जेटला तेवढ्यात ते जमत नाही. १४० नॉटने उतरताना समोरचा २० नॉट वारा अचानक पाठचा २० झाला, तर हवेतला वेग १०० वर येतो आणि लिफ्ट जवळपास निम्मी होते. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला उतरणारं ट्रायस्टार विमान वादळाखालच्या अशाच झोतात सापडलं: आधी समोरचा वारा वाढला, मग हवेचा लोट खाली दाबू लागला, मग वारा पाठीमागून आला. विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं, १३७ माणसं गेली. झोतांच्या दिवशी वैमानिक उतरण्याच्या वेगात थोडी भर ठेवतात ती याचसाठी. ती भर मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही, कारण वाढलेला प्रत्येक नॉट पुढे धावपट्टीवर ब्रेकलाच मारावा लागतो.