कर्मसिद्धांत कुणाला लावायचा?

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत कुणाच्या घरी मोठे आजारपण आले, कुणाचा धंदा बुडाला किंवा कुणाच्या मुलीचा संसार मोडला, की भेटायला गेलेल्यांपैकी एकजण तरी जिना उतरताना म्हणतोच, ‘‘मागचे भोग असतात हो, ते कुणाला चुकत नाहीत.’’ वाक्य शास्त्राला धरून आहे आणि म्हणणाऱ्याच्या मनात वाईटही काही नसते. तरी मला ते दिवसेंदिवस अधिक खटकू लागले आहे, कारण हेच गृहस्थ स्वतःच्या मुलाला परदेशी नोकरी लागली म्हणजे पूर्वपुण्याईचे नाव काढत नाहीत. त्याच्या मेहनतीचे आणि आपण केलेल्या संस्कारांचे सांगतात. दुसऱ्याचे दुःख प्रारब्धाच्या खाती आणि आपले यश कर्तृत्वाच्या खाती, ही वाटणी अहंकाराशिवाय दुसरे कोण करील?

माझे स्पष्ट मत असे आहे, की कर्मसिद्धांत ज्याने त्याने स्वतःला लावण्यासाठी आहे, दुसऱ्याचा निकाल देण्यासाठी नाही. संचित म्हणजे मागल्या कर्मांचा साठा; तो कुणाचा किती, हे कुणालाच दिसत नाही. प्रारब्ध म्हणजे त्यातला भोगायला सुरुवात झालेला भाग. तो सुटलेल्या बाणासारखा परत घेता येत नाही. हातात उरते ते क्रियमाण, म्हणजे आत्ता घडत असलेले कर्म, आणि माणसाची वृत्ती जिथे कामाला येते ती जागा तीच. त्यामुळे शेजारी अंथरुणाला खिळला असताना त्याचे प्रारब्ध काय असेल, हा माझा प्रश्नच नव्हे. मी त्याच्याकडे जेवणाचा डबा पोचवतो की नुसता निष्कर्ष, हे माझे क्रियमाण आहे आणि त्याचा जाब मलाच द्यायचा आहे.

अहंकार पैशात आणि पदात असतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो उपासनेत शिरतो तेव्हा मात्र ओळखू येत नाही. आपल्याकडे दत्तभक्तीची परंपरा जुनी. नर्मदाकाठी गरुडेश्वरला दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींची १९१४ ची समाधी आहे, नारेश्वरला त्याच परंपरेतल्या रंगावधूत महाराजांचे स्थान आहे, आणि महाराजांनी १९३५ मध्ये गुजरातीत रचलेले दत्तस्तोत्र, दत्तबावनी, अनेक मराठी घरांतून म्हटले जाते. या परंपरेतल्या मंडळींत दत्तजयंतीच्या सुमारास ‘तुमची किती पारायणे झाली?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याचा स्वतःचा आकडा तयारच असतो. ‘परस्परदेवो भव’, म्हणजे एकमेकांत देव पाहा, असे सांगणाऱ्या महाराजांच्या भक्तांत ही मोजदाद कशी रुजली, हे मला कोडेच आहे. (हल्ली पारायणाच्या पोथीचा फोटो स्टेटसलाही लागतो, त्याविषयी न बोललेले बरे.)

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसाचे मनोगत येते, ते या संदर्भात फार वाचण्यासारखे आहे. आपल्याला वाटते, तिथे चोरी, हिंसा, व्यभिचार एवढेच असेल. पण तिथला माणूस म्हणतो, ‘यक्ष्ये दास्यामि मोदिष्ये’, म्हणजे मी यज्ञ करीन, मी दान देईन, मी आनंद भोगीन. यज्ञ आणि दान ही तर चांगली कर्मे; तरीही तो आसुरी ठरतो, कारण त्या प्रत्येक क्रियेला ‘मी’ चिकटलेला आहे. पुढे अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (शरीर), कर्ता, करणे (इंद्रियांसारखी साधने), विविध चेष्टा (हालचाली) आणि दैव. पाचांत कर्ता हा एक आहे, नाही असे नाही. पण सगळे श्रेय, आणि सगळा दोषही, त्या एकट्याच्या नावावर लिहिणाऱ्याची बुद्धी कच्ची आहे, असे गीता तिथेच सुनावते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ‘मी’ काढून टाकला तर माणूस काम कशासाठी करील? याचे एक उत्तर आपल्याच शहरात घडलेले आहे. श्रीअरविंद केंब्रिजला शिकलेले, १८९३ ते १९०६ बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, इथल्या कॉलेजात शिकवीत होते, आणि सुरतच्या काँग्रेसनंतर १९०८ च्या आरंभी पुन्हा इथे आले तेव्हा देशातले बिनीचे पुढारी होते. त्या वेळी ते विष्णु भास्कर लेले या फारशा प्रसिद्ध नसलेल्या मराठी योग्यापुढे साधक म्हणून बसले. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवून लावा, एवढेच लेल्यांनी सांगितले, आणि तीन दिवसांत मन निःशब्द झाले. मला त्याहून मोठे वाटते ते लेल्यांचे पुढचे वागणे. शिष्याला आतल्या मार्गदर्शकावर संपूर्ण विसंबता येते, असे दिसल्यावर आपल्या सूचनांची आता गरज नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. एवढा शिष्य हाती आला असता गुरुपणाचा हक्क सोडणारे किती निघतील?

हा निरोप घेण्याआधी मुंबईच्या सभेत श्रीअरविंदांवर बोलायची वेळ आली होती आणि मन तर रिकामे. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, शब्द येतील, असे लेले म्हणाले. तसेच झाले, आणि त्यानंतरचे आपले सगळे बोलणे, लिहिणे आणि बाहेरचे काम त्याच उगमातून आले, असे श्रीअरविंदांनी पुढे नमूद केले आहे. कामही काही थांबले नाही. मे महिन्यात सरकारने अटक करीपर्यंत सभा आणि ‘वंदे मातरम्’ पत्रातले लेखन चालूच होते.